विकीवरील तळटीप : विश्वासाचा छोटासा आकडा

- प्रतिनिधी

विकिपीडियावरील एखादा लेख वाचताना वाक्याच्या शेवटी, किंचित वर, चौकटी कंसात लहानसा आकडा दिसतो. बहुतेक वाचक त्याच्याकडे दुर्लक्ष करून पुढे जातात. परंतु, 'हे विधान कशाच्या आधारावर केले आहे?' या प्रश्नाचे उत्तर त्या आकड्यामागेच दडलेले असते.

स्वाक्षरीऐवजी संदर्भ

मराठी विश्वकोशातील नोंदीखाली लेखकाचे नाव छापलेले असते. त्या विषयातील जाणकाराने आपले नाव पणाला लावले आहे, हीच वाचकाला मिळणारी हमी. जानेवारी २००१मध्ये सुरू झालेल्या विकिपीडियात मात्र लिहिणारे अनेक आणि बहुतांशी टोपणनावाने वावरणारे. त्यामुळे विश्वासाचा भार लेखकावरून संदर्भावर आला. 'लिहिणारा कोण' यापेक्षा 'पडताळून पाहता येते का' हा निकष तेथे महत्त्वाचा ठरला.

हा निकष प्रत्यक्षात किती दुबळा होता, हे २००५मध्ये उघड झाले. अमेरिकेतील ज्येष्ठ पत्रकार जॉन सायगनथालर यांच्यावरील लेखात, केनेडी बंधूंच्या हत्येत त्यांचा हात असल्याचा संशय होता, असा धादांत खोटा मजकूर मे महिन्यात कोणीतरी घातला. स्वतः सायगनथालर हे रॉबर्ट केनेडी यांचे निकटचे सहकारी होते. तरीही हा मजकूर सुमारे चार महिने तसाच राहिला. नोव्हेंबरच्या अखेरीस 'यूएसए टुडे'मध्ये लेख लिहून त्यांनी या प्रकाराला वाचा फोडली. त्या मजकुराला कोणताही आधार दिलेला नव्हता आणि तो कोणी मागितलाही नव्हता.

हाताने आकडे मोजण्याचे दिवस

त्या काळी विकीवर तळटीप देणे हे जिकिरीचे काम होते. मजकुरात एक खूण आणि पानाच्या तळाशी तिची टीप, अशा दोन्ही गोष्टी साच्यांच्या मदतीने स्वतंत्रपणे लिहाव्या लागत आणि त्यांचा क्रम संपादकालाच सांभाळावा लागे. मध्येच एखादी नवी टीप घातली किंवा परिच्छेद वर-खाली हलवला, की सारी घडी विस्कटत असे. एकट्याने लिहिलेल्या पुस्तकात हे जमते. शेकडो हात लागणाऱ्या पानावर ते टिकत नाही.

डिसेंबर २००५मध्ये मीडियाविकी या संगणकप्रणालीला 'साइट' नावाच्या विस्ताराची जोड मिळाली आणि हे चित्र बदलले. युक्ती साधीच होती. टीप तळाशी न लिहिता, ज्या विधानासाठी ती द्यायची त्याला लागूनच 'रेफ' या खुणेत लिहायची. पान वाचकाला दाखवताना संगणक स्वतःच क्रमांक घालतो आणि साऱ्या टिपा गोळा करून तळाशी मांडतो. वाक्य हलवले, तर टीपही सोबत जाते. एखाद्या टिपेला नाव दिले, की तोच ग्रंथ दहा ठिकाणी पुन्हा न लिहिता वापरता येतो. खुलाशाच्या टिपा आणि आधारग्रंथ यांचे वेगळे गटही करता येतात.

आकडा म्हणजे पुरावा नव्हे

मात्र, यंत्र क्रमांक लावते. पडताळणी करीत नाही. वाक्य नंतर कोणी बदलले, तरी तळटीप तशीच राहते आणि मूळ ग्रंथात नसलेले विधान त्याच्याच नावावर खपते. दुसरा धोका वर्तुळाचा. विकीवरील निराधार माहिती एखादे वृत्तपत्र उचलते आणि पुढे त्याच बातमीचा संदर्भ विकीवर दिला जातो. आम्हा पत्रकारांनी यातून धडा घ्यायला हवा.

तिसरी अडचण नाहीशा होणाऱ्या दुव्यांची. संकेतस्थळे बंद पडतात, पत्ते बदलतात. ऑक्टोबर २०१८मध्ये 'इंटरनेट अर्काइव्ह' या संस्थेने विकिपीडियावरील असे ९० लाखांहून अधिक तुटलेले दुवे जतन केलेल्या प्रतींशी जोडल्याचे जाहीर केले. मराठीला या प्रश्नाची झळ अधिक बसते. अनेक मराठी वृत्तपत्रांची सुरुवातीची संकेतस्थळे युनिकोडऐवजी स्वतःच्या खास टंकांत होती. त्यामुळे तो मजकूर शोधयंत्रांना सापडणेच कठीण होते.

वाचकाने काय करावे?

१ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावरही ही सोय आहे. निराधार विधानापुढे 'संदर्भ हवा' असा शेरा मारण्याचा अधिकार कोणालाही आहे. घरातील कपाटात एखादा स्थानिक इतिहासाचा ग्रंथ असेल, तर लेखक, ग्रंथाचे नाव, प्रकाशक, वर्ष आणि पृष्ठक्रमांक एवढा तपशील पुरतो. ग्रंथ महाजालावर असलाच पाहिजे असे नाही. सायगनथालर यांच्यावरील त्या एका वाक्यापुढे असा शेरा कोणी मारला असता, तर कदाचित चार महिन्यांची बदनामी टळली असती. पुढच्या वेळी तो लहानसा आकडा दिसला, की त्यावर एकदा टिचकी जरूर मारा. आणि आकडा दिसलाच नाही, तर विचारायला संकोचू नका.