टोलनाक्यावरची रांग
एका वाहतूकदाराच्या हिशेबाचा प्रोग्रॅम मी जावात लिहीत होतो. सकाळी बिले निघायची होती आणि रात्री तो मध्येच बंद पडू लागला. माझ्याकडे 'वाहन' हा मूळ क्लास, 'ट्रक' आणि 'बस' हे त्याचे वारस. ट्रकचा अ‍ॅरे मी एका फंक्शनकडे दिला. त्याला हवा होता वाहनांचा अ‍ॅरे. ट्रक वाहनच, म्हणून कंपायलर गप्प राहिला. फंक्शनने त्याच अ‍ॅरेत एक बस ठेवली. वाहनांत बस ठेवायला कोण हरकत घेणार? प्रोग्रॅम चालताना मात्र 'अ‍ॅरेस्टोअरएक्सेप्शन' आले. बस ठेवणारी ओळ मी पहाटेपर्यंत उलटसुलट तपासत बसलो. चूक त्या ओळीत नव्हतीच.

गंमत अशी, की वारशाची ही कल्पनाही वाहनांच्या रांगेतूनच आली. ओस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड टोलनाक्याच्या पुलाचे उदाहरण मांडत होते. ट्रक वेगळा, बस वेगळी; पण रांगेत उभे राहण्यापुरते दोघे सारखे. हे सारखेपण एकदाच लिहून दोघांना द्यायचे, यातून 'सिम्युला 67' भाषेतला वारसा आला. टोनी होर यांची उपवर्गांची कल्पना त्यांच्यासमोर होती. वारस मूळाच्या जागी कधी चालतो, याची नेमकी चर्चा बार्बरा लिस्कोव्ह यांनी 1987 मध्ये केली: अदलाबदल केल्यावर प्रोग्रॅमचे वागणे बिघडता कामा नये. या कसोटीवर ट्रक पास होतो, ट्रकचा अ‍ॅरे नापास. वाहनांचा अ‍ॅरे बस घेतो, ट्रकचा घेत नाही.

तरीही 1995 च्या जावाने अ‍ॅरेला ही सूट दिली. मला तो आळस वाटत नाही. तेव्हा जेनेरिक्स नव्हते; कुठल्याही वस्तूंच्या अ‍ॅरेवर चालणारे एकच फंक्शन लिहायचे तर दुसरी सोपी वाट नव्हती. बदल्यात वस्तू ठेवताना तपासणी आली, ती प्रोग्रॅम चालू असताना. 2004 मध्ये जावा 5 सोबत जेनेरिक्स आले. ट्रकची लिस्ट आता वाहनांची लिस्ट मानली जात नाही. अ‍ॅरेचा नियम मात्र बदलला नाही. तो बदलता तर जुने प्रोग्रॅम मोडले असते.

शेवटी मी अ‍ॅरे काढून लिस्ट घातली. कंपायलरने लगेच ओळ दाखवली: जिथे मी ट्रक दिले होते, ती. आणखी दोन ठिकाणीही त्याने अडवले. तिथे अजून बस पोहोचली नव्हती, एवढेच.