वसईच्या खाडीकांठचा फेरफटका

उल्हास नदी सह्याद्रीच्या कुशींत उगम पावून कल्याणावरून पश्चिमेस येते आणि वसईच्या खाडीवाटे समुद्रास मिळते. या खाडीच्या उत्तर तीरावर वसईचा किल्ला उभा आहे. आपल्या श्रद्धेच्या पाऊलखुणा शोधूं पाहणाऱ्यानें ज्युबिलीच्या या वर्षीं एक सकाळ येथें अवश्य घालवावी. वाट सपाट आहे. तींत चढ नाहीं कीं अवघड वळण नाहीं. लहान मुलें व वृद्ध माणसेंही ती सावकाश चालूं शकतात.

गेल्या वर्षीं आपल्या धर्मग्रामांतील कांहीं तरुणांस घेऊन मी तेथें गेलों होतों. छप्पर नसलेल्या कॅथेड्रलमध्यें उभें राहून त्यांपैकीं एकानें मला विचारलें, "फादर, यांतलें आपलें काय गेलें, आणि आपलें काय राहिलें?" त्या वेळीं मला नीट उत्तर देतां आलें नाहीं. तें देण्याचा प्रयत्न येथें करीत आहें.

जमिनीकडील दरवाजानें आंत शिरावें. २३ डिसेंबर १५३४ रोजीं गुजरातचा सुलतान बहादूरशहा यानें तहान्वयें वसई पोर्तुगीजांस दिली. पुढें २०५ वर्षें ती त्यांच्या ताब्यांत राहिली व त्यांच्या उत्तर प्रांताचें मुख्य ठाणें बनली. तटाच्या आंत वाडे, मठ व देवळें यांनीं गजबजलेलें एक शहरच वसलें होतें. आज तेथें ताडांच्या रांगा व झाडींत दडलेल्या भिंती आहेत.

वाटेंत डोमिनिकन, फ्रान्सिस्कन व येशूसंघीय अशा तीनही संघांच्या देवळांचे अवशेष लागतात. फ्रान्सिस्कनांच्या देवळांत जमिनीवर पोर्तुगीज सरदारांच्या थडग्यांच्या शिळा आहेत. त्यांवरील अक्षरें पावलांनीं व पावसानें झिजत चाललीं आहेत. येशूसंघीयांच्या देवळाचा दर्शनी भाग मात्र अद्याप भव्य दिसतो. संत फ्रान्सिस झेवियर यांनीं आपल्या हयातींत एकाहून अधिक वेळां वसईस भेट दिली होती. याच गांवीं जन्मलेला गोन्सालो गार्सिया येशूसंघीयांपाशीं शिकला, त्यांच्याबरोबर जपानांत गेला, कांहीं काळ व्यापारांत रमला आणि अखेर मनिला येथें फ्रान्सिस्कन बंधु झाला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें आपल्या २५ सोबत्यांसह क्रुसावर त्यानें प्राण अर्पिले. ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस यांनीं त्यास संतपद दिलें. भारतांत जन्मलेला तो पहिला संत होय.

खाडीजवळ संत जोसेफ यांचें कॅथेड्रल आहे. आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांच्या कारकीर्दींत, १६०१ सालीं, त्याचा जीर्णोद्धार झाल्याचें तेथील शिलालेख सांगतो. त्याचा उंच मनोरा आजही दुरून दिसतो. वसईच्या काळ्या पाषाणास त्या काळीं मोठी मागणी होती. गोव्यांत ज्या बॉम जेझू देवळांत संत झेवियर यांचा देह ठेवलेला आहे, त्याच्या दर्शनी भागासही वसईचाच दगड लागला आहे.

सन १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं किल्ल्यास वेढा घातला. सेंट सेबास्तियन बुरुज सुरुंगानें उडविल्यावर मे महिन्यांत किल्ला मराठ्यांच्या हातीं आला, व तहाप्रमाणें शिबंदीस सन्मानानें निघून जाऊं दिलें गेलें. देवळांतील घंटा विजयचिन्हें म्हणून नेण्यांत आल्या. नाशिकचें नारोशंकराचें देऊळ, भीमाशंकर व वाईजवळील मेणवली येथें त्या आजही पाहावयास मिळतात. त्यांविषयीं कोणीं मनांत कडवटपणा बाळगूं नये. पोर्तुगीज अमलांत हिंदूंचीं देवालयें पाडलीं गेलीं व त्यांच्या धर्माचरणावर निर्बंध घातले गेले, हेंही तितकेंच खरें आहे. धर्मगुरूनें तें झांकून ठेवणें योग्य नव्हे. दुसऱ्याच्या देव्हाऱ्यावर घाव घालून उभारलेलें वैभव टिकत नाहीं, हा धडा या भिंती आपणांस देतात.

मग आपलें काय गेलें? तोफा, वाडे व सरदारांचा थाट हे सर्व गेलें; पण तें आपलें कधींच नव्हतें. जहाजें निघून गेलीं तेव्हां ज्यांस जावयास दुसरा देशच नव्हता, ते शेतकरी व कोळी येथेंच राहिले. राजसत्तेचा आधार नसतांही त्यांनीं सायंकाळची प्रार्थना सोडली नाहीं, आणि एतद्देशीय पुरोहितांनीं त्यांचा सांभाळ केला. आपण त्यांचे वारस आहों. त्यांच्याच श्रद्धेच्या बळावर १९९८ सालीं वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला.

बंदर दरवाजानें बाहेर पडल्यावर किल्लाबंदराची कोळी वस्ती लागते. तेथें होड्या ओढलेल्या असतात, जाळीं वाळत असतात व ख्रिस्ती घरांतून मराठी प्रार्थनेचे सूर ऐकूं येतात. त्या तरुणाच्या प्रश्नाचें उत्तर तटाच्या आंत नव्हतें; तें येथें, दाराबाहेर होतें. ज्युबिलीच्या आनंदांत आपण नवी घंटा टांगूं, रंगरंगोटी करूं. तें सर्व उचितच आहे. तथापि छप्पर उडून गेल्यावरही जी उरते, ती श्रद्धा आपल्या मुलांच्या हातीं देणें, हेंच या उत्सवाचें खरें काम होय. तें पार पाडण्यास प्रभु आपणांस बळ देवो.