बाटलीबंद पाण्यात मिनरल्स का घालतात? आणि 'पीएच ८ प्लस'चं पाणी खरंच जास्त चांगलं असतं का?

एसटी स्टँडवर आपण 'एक बिसलेरी द्या' म्हणतो आणि दुकानदार हाताला लागेल त्या ब्रँडची बाटली देतो. आपणही नाव न बघता झाकण फिरवतो. पण लेबल नीट वाचलंत तर त्यावर बारीक अक्षरांत 'अ‍ॅडेड मिनरल्स' असं लिहिलेलं दिसेल. हल्ली तर 'अल्कलाइन' किंवा 'पीएच ८ प्लस' असं लिहिलेल्या बाटल्याही येतात आणि त्या बऱ्याच महाग असतात.

शुद्ध पाण्यात पुन्हा काहीतरी घालायची गरज का पडते? पीएच आणि मिनरल्स या एकाच गोष्टी आहेत का? आणि जास्त पैसे मोजून आपल्याला नेमकं काय मिळतं? सोप्या भाषेत समजून घेऊ.

सगळं बाटलीबंद पाणी 'मिनरल वॉटर' नसतं

बोलताना आपण सगळ्यालाच मिनरल वॉटर म्हणतो. भारतात मात्र याचे दोन वेगळे प्रकार आहेत आणि दोन्हींची मानकंही वेगळी आहेत.

पहिला प्रकार म्हणजे नॅचरल मिनरल वॉटर. याचं भारतीय मानक आहे आयएस १३४२८. हे पाणी झऱ्यातून किंवा भूगर्भातल्या ठरावीक स्रोतातून येतं. त्यातली खनिजं नैसर्गिक असतात आणि ती बदलायची नसतात.

दुसरा प्रकार म्हणजे पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर, मानक आयएस १४५४३. दुकानातल्या बहुतेक बाटल्या आणि सीलबंद २० लिटरचे जार या प्रकारात येतात. हे पाणी बोअरवेलचं असू शकतं किंवा नळाचंही. ते कारखान्यात शुद्ध केलं जातं आणि मग त्यात मिनरल्स घातले जातात. आपण बोलणार आहोत ते याच पाण्याबद्दल.

आरओनंतर पाण्यात काय उरतं?

कारखान्यात पाणी आधी वाळूच्या आणि कार्बनच्या फिल्टरमधून जातं. मग ते जोराच्या दाबाने आरओच्या पडद्यातून ढकललं जातं. हा पडदा पाण्यात विरघळलेले ९५ टक्क्यांहून जास्त क्षार अडवतो. नको असलेलं फ्लोराइड, नायट्रेट आणि आर्सेनिकही त्यात बऱ्याच अंशी अडतं.

पण चांगलं कोणतं आणि वाईट कोणतं हे पडद्याला कळत नाही. त्यामुळे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही निघून जातं. उरलेलं पाणी सुरक्षित असतं, पण चवीला सपक लागतं.

आणि त्याचा पीएच का घसरतो?

पीएच म्हणजे पाणी आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर अल्क. या मोजपट्टीत एका अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक, हे लक्षात ठेवा.

साध्या पाण्यात बायकार्बोनेट नावाचा क्षार असतो. तो पीएच सांभाळून धरतो. आरओचा पडदा बायकार्बोनेट अडवतो, पण पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड वायू असतो, त्याला अडवू शकत नाही. सांभाळणारा गेला आणि आम्ल तयार करणारा वायू तसाच राहिला, अशी ही स्थिती. म्हणून आरओच्या पाण्याचा पीएच बहुतेकदा ५.५ ते ६.५ च्या आसपास येतो.

यात घाबरण्यासारखं काही नाही. लिंबू सरबत आणि ताक याहून कितीतरी जास्त आम्लधर्मी असतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही आरोग्याच्या कारणावरून पिण्याच्या पाण्याच्या पीएचची मर्यादा ठरवलेली नाही. असं पाणी त्रास देतं ते धातूच्या पाइपांना आणि नळांना, कारण ते धातू हळूहळू खातं.

मिनरल्स घालतात तरी कसे?

यासाठी साधारणपणे अन्नात वापरण्याच्या दर्जाचे क्षार पाण्यात विरघळवतात आणि पंपाने मोजून सोडतात. एक हिशोब करून बघू.

समजा १,००० लिटर आरओच्या पाण्यात लिटरमागे २० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १० मिलिग्रॅम मॅग्नेशियम हवं आहे. त्यासाठी स्फटिकरूपातलं कॅल्शियम क्लोराइड सुमारे ७३ ग्रॅम लागेल आणि मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे एप्सम सॉल्ट, सुमारे १०१ ग्रॅम. एका मोठ्या टाकीसाठी दोन-दोन मुठींचं काम.

गंमत पुढे आहे. हे दोन्ही क्षार घातले की टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं एकूण प्रमाण, लिटरमागे साधारण १०० मिलिग्रॅमने वाढतं. पीएच मात्र जवळपास जागचा हलत नाही, कारण हे क्षार उदासीन आहेत.

पीएच वाढवायला वेगळा उपाय करावा लागतो. त्याचे तीन मार्ग आहेत:

- पाण्यातून हवा खेळवून कार्बन डायऑक्साइड उडवून लावणं. पीएच वाढतो, पण मिनरल एकही वाढत नाही.
- सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे खायचा सोडा घालणं. १,००० लिटरला ८४ ग्रॅम सोडा घातला तर पीएच ७ च्या वर जातो, पण लिटरमागे २३ मिलिग्रॅम सोडियमही वाढतं.
- चुनखडीच्या खड्यांच्या थरातून पाणी सोडणं. पाण्यातला कार्बन डायऑक्साइड चुनखडी विरघळवतो. कॅल्शियम आणि बायकार्बोनेट दोन्ही मिळतं आणि पीएचही वर येतो. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या मोठ्या प्रकल्पांत ही पद्धत सर्रास वापरतात.

थोडक्यात, पीएच आणि मिनरल्स ही दोन वेगळी कामं आहेत. पीएच जास्त म्हणजे मिनरल्स जास्त, असं समीकरण नाही.

मिनरल्स घालताना गडबड झाली तर?

२००४ साली ब्रिटनमध्ये हे घडलं. कोका-कोलाने तिथे 'दसानी' हे बाटलीबंद पाणी आणलं. लंडनजवळच्या सिडकपमधल्या कारखान्यात नळाचं पाणी शुद्ध करून ते तयार होत होतं. ब्रिटनच्या नियमांनुसार त्यात कॅल्शियम असणं गरजेचं होतं, असं कंपनीचं म्हणणं होतं. म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड घातलं गेलं.

त्या कॅल्शियम क्लोराइडमध्ये ब्रोमाइड होतं. जंतू मारण्यासाठी पाण्यात ओझोन वायू सोडला, तेव्हा ब्रोमाइडचं ब्रोमेट झालं. दीर्घकाळ पोटात गेल्यास ब्रोमेटमुळे कर्करोगाचा धोका वाढू शकतो. ब्रिटनमधली त्याची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम होती आणि बाटल्यांत ती ओलांडली गेली. तातडीचा धोका नव्हता, तरी मार्च २००४ मध्ये सुमारे ५ लाख बाटल्या परत मागवाव्या लागल्या. बाजारात येऊन काही आठवडेच झालेला हा ब्रँड ब्रिटनमधून गुंडाळला गेला.

म्हणजे मूळ नळाच्या पाण्यात दोष नव्हता. दोष शिरला तो ते 'सुधारताना'. म्हणूनच कोणता क्षार घातला याइतकंच तो किती शुद्ध होता हेही महत्त्वाचं.

अल्कलाइन पाण्याने शरीरातलं आम्ल कमी होतं का?

जाहिरातींचा सूर असाच असतो. पण आपल्या पोटातल्या रसाचा पीएच उपाशीपोटी साधारण १.५ ते ३.५ असतो. तिथे पोचलेलं 'पीएच ८' चं पाणी फार वेळ ८ राहत नाही. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राखण्याचं काम फुप्फुसं आणि मूत्रपिंडं करतात. ते आपण कोणती बाटली घेतली यावर अवलंबून नसतं.

शिवाय क्षार नसलेल्या पाण्याचा पीएच वाढवायला अगदी चिमूटभर अल्क पुरतं. त्यामुळे नुसत्या पीएचच्या आकड्यासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. घरी पाण्यात सोडा घालून पिण्याचा प्रयोगही नको, विशेषतः रक्तदाब किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी.

मग मिनरल्सचा तरी उपयोग होतो का?

होतो, पण बेताचा. भारतात पॅकेज्ड पाण्यात कॅल्शियम लिटरमागे जास्तीत जास्त ७५ मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम ३० मिलिग्रॅम चालतं. वरच्या मर्यादेचं पाणी दिवसाला २ लिटर प्यायलात तरी कॅल्शियम मिळेल १५० मिलिग्रॅम. दुधाच्या एका २०० मिलिलिटरच्या ग्लासातून सुमारे २४० मिलिग्रॅम मिळतं.

तरीही ज्यांचं सगळं पाणीच क्षार काढलेलं असतं, त्यांच्यासाठी हा प्रश्न गंभीर होतो. इस्रायलमध्ये २००५ साली अश्केलॉनचा मोठा प्रकल्प सुरू झाल्यावर समुद्राचं गोडं केलेलं पाणी घरोघरी पोचू लागलं. त्यात कॅल्शियम परत घातलं जातं, मॅग्नेशियम नाही. तिथल्या संशोधकांनी हृदयविकाराच्या झटक्याच्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा हे पाणी मिळणाऱ्या भागांत रुग्णांच्या रक्तातलं मॅग्नेशियम कमी आणि मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. पाणी हेच कारण, असं यातून सिद्ध होत नाही, पण मॅग्नेशियमची चर्चा तिथे त्यानंतर जोरात सुरू झाली.

आपल्याकडेही मे २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी टीडीएस असलेल्या ठिकाणी आरओवर बंदी आणण्याचे निर्देश पर्यावरण मंत्रालयाला दिले होते. वाया जाणारं पाणी आणि निघून जाणारी खनिजं, ही त्यामागची कारणं.

पाणी घेताना काय बघाल?

- पीएचपेक्षा कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे आकडे बघा. पॅकेज्ड पाण्यात टीडीएस ५०० च्या आत हवा.
- एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक, तारीख आणि सील तपासा.
- लेबल नसलेल्या थंडगार सुट्या जारमध्ये नुसतं आरओचं पाणी आहे की मिनरल्स घातलेत, हे कळायला मार्ग नाही. विक्रेत्याकडे तपासणी अहवाल मागा.
- टीडीएस मीटरवर विसंबू नका. ते पाण्यातून वीज किती वाहते यावरून अंदाज देतं. जंतू किंवा आर्सेनिक त्यात दिसत नाही, आणि चिमूटभर मीठ टाकलं तरी आकडा वाढतो.
- विक्रेत्याने पाण्यात दोन सळया बुडवून वीज सोडली आणि नळाचं पाणी तपकिरी झालं, तर घाबरू नका. तो रंग बहुतेक सळईच्या विरघळलेल्या लोखंडाचा असतो. आरओच्या पाण्यात क्षार नसल्याने वीज वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं.
- घरच्या आरओला 'टीडीएस कंट्रोलर' असेल तर तो थोडं मूळ पाणी परत मिसळतो. मूळ पाण्यात फ्लोराइड, नायट्रेट किंवा आर्सेनिक जास्त असेल तर तेही परत येतं. म्हणून आधी पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि मगच तो सुरू करा.