नेच्याचे न दिसणारे बी

नेच्याला फूल येत नाही, फळ धरत नाही, तरी ओल्या दरडीवर दरसाल नवी रोपे उगवतात. युरोपातल्या खेडुतांनी याचा आपल्या परीने अर्थ लावला होता: बी आहे, पण दिसत नाही, आणि सेंट जॉनच्या सणाच्या आदल्या रात्री ते ज्याच्या हाती लागेल, तोही कोणाला दिसत नाही. शेक्सपिअरच्या ‘हेन्री चौथा’ नाटकातला चोर याच बियांची बढाई मारतो.

पानांमागच्या तपकिरी ठिपक्यांतली पूड पेरून ती रुजताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली जमेकातील शल्यवैद्य जॉन लिंडसे यांनी. त्यांचा वृत्तांत १७९४ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र ही पूड, म्हणजे बीजाणू, रुजल्यावर थेट नेचा येत नाही. आधी नखापेक्षा लहान, बदामाच्या आकाराचा हिरवा पापुद्रा पसरतो. हा पापुद्रा कशासाठी, हे कोडे आणखी अर्धे शतक टिकले. १८४८ मध्ये पोलिश संशोधक लेश्चित्स-सुमिन्स्की यांनी दाखवले, की लैंगिक इंद्रिये त्याच्याच खालच्या अंगाला असतात. शुक्रपेशी पाण्याच्या पातळ थरातून पोहत अंडपेशी गाठतात आणि त्या संयोगातून नेच्याचे रोप वाढते. ओलाव्यावाचून नेच्याचे चालत नाही, ते मुख्यतः यामुळे. लाइपझिगचे पुस्तकविक्रेते विल्हेल्म होफमायस्टर यांनी १८५१ मध्ये या दोन पिढ्यांची आलटूनपालटून येणारी साखळी शेवाळापासून सूचिपर्णी वृक्षांपर्यंत लावून दाखवली. वनस्पतिशास्त्राला हे एवढे मोठे देणे देणाऱ्या माणसाजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती.

इंग्लंडात तेव्हा वेगळेच वारे वाहत होते. १८२९ मध्ये लंडनचे डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांनी पतंगाच्या कोशासाठी ओली माती घालून बंद केलेल्या बाटलीत आपसूक नेचा उगवला. त्यावरून निघालेल्या काचपेट्यांनी नेचे घरोघरी नेले. हे वेड इतके पसरले, की चार्ल्स किंग्जली यांनी १८५५ मध्ये त्याला ‘टेरिडोमेनिया’ असे नाव दिले. बीजाणूंपासून रोपे करता येत असूनही हौशी लोक आणि व्यापारी रानातलीच झाडे मुळासकट उपटत राहिले. किलार्नी नेच्याची तर जवळजवळ वाताहत झाली. ब्रिटनमध्ये त्याला आज कायद्याचे संरक्षण आहे. या नेच्याची पापुद्र्याची पिढी मात्र ब्रिटनमधल्या अनेक दमट कपारींत, मोठ्या झाडाशिवाय, स्वतःच्याच तुकड्यांपासून वाढत टिकून आहे.