मांजराची नखे, धान्याची पोती आणि जयसिंगपूर

१/ सोफा ओरबाडणाऱ्या मांजराला आवरावे कसे, हा प्रश्न आज जयसिंगपूरच्या फ्लॅटमध्येही विचारला जातो. शंभर वर्षांपूर्वी तो सहसा कुणाला सुचला नसता. तेव्हा मांजर पाळले जाई ते याच नखांसाठी. मग नखे अपराधी कधी ठरली? #धागा #इतिहास

२/ आरंभ धान्यापासून होतो. पश्चिम आशियात शेती रुजली, कोठारे उभी राहिली, तेथे उंदीर आले आणि उंदरांमागोमाग रानमांजरे. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेले एक मांजर सापडले असून ते दफन सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे आहे. हा शोध २००४ मध्ये प्रसिद्ध झाला.

३/ महाराष्ट्रातील जुने घर हेही धान्याचेच घर होते. कणगी, पेव, माळ्यावरची पोती. बसण्यास घोंगडी वा सतरंजी, जेवण्यास पाट. सधन घरी लोड-तक्के. मांजर नखे घासे ती लाकडी खांबावर, नाहीतर पोत्यावर. त्या ओरखड्यांची फारशी कुणी दखल घेत नसे.

४/ तक्रार असे ती दुधादह्याची. तिच्यावरचा उपाय म्हणजे शिंके. मांजराचा स्वभाव बदलणार नाही हे जाणून घराने आपलीच मांडणी बदलली आणि भांडे आढ्याला टांगले. हे शिंके ध्यानात ठेवावे; पुढे त्याची गरज पडणार आहे.

५/ सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींची वस्ती. पुढे ही साथ देशभर पसरली. कोल्हापूर संस्थानालाही तिची झळ बसली. घरात उंदीर मरून पडला की लोक घर सोडून माळावर झोपड्या बांधून राहत.

६/ १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत उंदरांवरील पिसवांकडे बोट दाखवले. पुढे प्लेग आयोगाच्या मुंबईतील प्रयोगांनी त्याला पुष्टी दिली. उंदीर हा शत्रू ठरला, तेव्हा त्याच्या जुन्या वैऱ्याची आठवण होणे स्वाभाविक होते.

७/ ती आठवण करून देणारे अधिकारी होते इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील अँड्र्यू ब्यूकॅनन. अमरावती परिसरातील गावांत मांजरे किती आणि प्लेग किती, याची त्यांनी सांगड घातली. जेथे मांजरे पुष्कळ, तेथे प्लेग कमी, असा त्यांचा निष्कर्ष. १९०८ मध्ये त्यांचे हे प्रतिपादन ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले.

८/ हा निष्कर्ष आज जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. मांजरालाही प्लेग होतो आणि त्याच्यापासून तो माणसाला होऊ शकतो, हे आता ठाऊक आहे. मात्र त्या काळी मांजराच्या नखांकडे माणूस कोणत्या आशेने पाहत होता, हे त्यातून स्पष्ट दिसते.

९/ याच युगात जयसिंगपूर वसले. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ही पेठ वसवली आणि तिला आपले जनक पिता, कागलचे जयसिंगराव घाटगे यांचे नाव दिले. रुंद रस्ते, आखीव गल्ल्या आणि कोल्हापूर-मिरज लोहमार्गाचे सान्निध्य. येथील पत्त्यांत आजही गल्लीचा क्रमांक असतो.

१०/ भुईमुगाच्या शेंगा, तंबाखू, धान्य. अडत दुकाने, हमाल आणि बारदानाच्या थप्प्या. अशा बाजारपेठेत उंदरांना तोटा नसतो आणि मांजराला हटकण्याचे कारणही नसते. भरलेले पोते खरबरीत असते, जड असते, ओढले तरी हलत नाही. नखे घासण्यास याहून उत्तम जागा ती कोणती?

११/ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घर पालटले. कणगीच्या जागी पत्र्याची कोठी आली, वर्षाचे धान्य महिन्यावर आले आणि पोती घरातून गेली. लाकडी खांबांच्या जागी सिमेंटचे पिलर उभे राहिले. त्याच सुमारास दिवाणखान्यात कापडी सोफा आला: खरबरीत, जड, न हलणारा. मांजराने त्यात आपले पोते ओळखले.

१२/ नखे घासणे हा मांजराचा खोडकरपणा नव्हे. त्याने नखाचे जुने कवच गळून पडते, पाठीचे व पायांचे स्नायू ताणले जातात आणि पंजातील ग्रंथींचा गंध तेथे राहून हद्द आखली जाते. म्हणून मार देऊन ही सवय सुटत नाही. मांजर फक्त माणसाला भिऊ लागते.

१३/ सोफा वाचवण्याचा सर्वांत क्रूर मार्ग विसाव्या शतकात अमेरिकेत रूढ झाला: शस्त्रक्रियेने नखे काढणे. त्यात प्रत्येक बोटाचे शेवटचे हाड छाटले जाते. १९८७ च्या युरोपीय करारात याला मनाई आहे. न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये बंदी घातली. भारतात प्राण्याचा अवयव विद्रूप करणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे.

१४/ खरा उपाय शिंक्याच्याच जातीचा. अडीच-तीन फुटी लाकडी खांबाला जुने गोणपाट वा सुंभ घट्ट गुंडाळावे, तळ जड ठेवावा, आणि खांब ओरबाडलेल्या सोफ्याच्या अगदी शेजारी उभा करावा. सोफ्याचा कोपरा काही दिवस गुळगुळीत प्लास्टिकने झाकावा. मांजराने खांब वापरला की लगेच खाऊ द्यावा. नखांची केवळ टोके अधूनमधून कापावीत.

१५/ धान्य राखण्यासाठी माणसाने मांजराला घरात घेतले आणि धान्य गेल्यावर त्याच्या नखांवर खटला भरला. जयसिंगपूरच्या एखाद्या अडत दुकानातले जुने बारदान हा खटला मिटवू शकते. #जयसिंगपूर #कोल्हापूर