टाकाऊ वस्तूंपासूनचे फर्निचर

वापरातून गेलेल्या वस्तूचा आकार न मोडता तिला बैठक, मेज, मांडणी असे नवे काम देण्याची रचनापद्धती. लोखंड वितळवले किंवा लाकडाचा भुसा केला तर द्रव्य हाती राहते, पण वस्तू घडवताना लागलेली ऊर्जा आणि कारागिरी वाया जाते. म्हणून या फर्निचरचे मोल त्याच्या नवलाईवर ठरवणे चुकीचे आहे. जुन्या वस्तूत आधीच असलेली मजबुती किती कामी आली, हीच त्याची खरी कसोटी. पायाने चालवायच्या शिलाई मशीनचा बिडाचा स्टँड मशीनचे वजन आणि पायट्याचे हादरे सोसण्यासाठीच ओतलेला असतो. त्यावर फळी किंवा संगमरवराची लादी बसवली की टेबल उभे राहते. आंब्याच्या पेटीच्या पातळ पट्ट्या मात्र वाहतुकीपुरत्या ठोकलेल्या असतात. तिच्यात हलके सामान ठेवता येते, पण तिचे स्टूल केले तर आधाराला इतके नवे लाकूड लागते की जुनी पेटी नावालाच उरते.

रॉन अराड यांनी १९८१ मध्ये लंडनमध्ये केलेली ‘रोव्हर चेअर’ या कसोटीला पुरेपूर उतरते. भंगारातल्या रोव्हर मोटारीची सीट त्यांनी कठड्यांसाठी वापरतात तशा नळ्यांच्या चौकटीवर बसवली. तासन्‌तास पाठ सांभाळण्याचे काम त्या सीटला नव्याने शिकवावे लागले नाही. इटलीच्या आकिले आणि पिएर जाकोमो कास्तिल्योनी या बंधूंनी १९५७ मध्ये ट्रॅक्टरच्या बैठकीपासून ‘मेझाद्रो’ स्टूल रचले. त्यावर आक्षेप असा की, पुढे या स्टुलाचे कारखान्यात उत्पादन झाले, मग वाचले काय? आक्षेप रास्त आहे. अशा उत्पादनाने कचरा कमी होत नाही. मात्र शेतकामासाठी घडलेला आकार घरातही न बदलता चालतो, हे त्या स्टुलाने पक्के दाखवले. डच रचनाकार तेयो रेमी यांनी १९९१ मध्ये निरनिराळ्या कपाटांचे जुने खण नव्या खोक्यांत घालून पट्ट्याने एकत्र बांधले. ती कलाकृती म्हणून अविस्मरणीय आहे, पण बचतीच्या हिशेबात लंगडी, कारण भार नवे लाकूडच वाहते.

हे सारे हौशी काम, त्याने कचऱ्याचा डोंगर हलणार नाही, असेही म्हटले जाते. एकेका कलाकृतीपुरते ते खरे आहे. पण एकाच मापाच्या वस्तू सतत निकामी होतात तिथे सुताराला ठरावीक रचना पुन्हा पुन्हा करता येते. मालवाहतुकीचे पॅलेट हे त्याचे ठळक उदाहरण. सुरक्षिततेची शंका अधिक गंभीर आहे आणि ती माल निवडतानाच सोडवावी लागते. आंतरराष्ट्रीय वाहतुकीच्या पॅलेटवर प्रक्रियेचा शिक्का असतो. ‘एचटी’ म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटे तापवलेले, तर ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले. दुसऱ्या प्रकारचे लाकूड घरात आणू नये. रसायने सांडल्याचे डाग असतील, तर पहिल्या प्रकारचेही नको.