जीर्णोद्धार : कोणाच्या पैशाने?

गावातल्या देवळाचा जीर्णोद्धार निघाला की आधी पावतीपुस्तके छापली जातात. मंडळी दारोदार हिंडतात, मुंबईला असलेल्या गावकऱ्यांना पत्रे जातात, देणगीदारांची नावे संगमरवरी पाटीवर कोरली जातात. जुने दगड निघतात, गुळगुळीत फरशी बसते, शिखराला ऑइलपेंट लागतो. ज्यांची श्रद्धा त्यांचा पैसा, आणि ज्यांचा पैसा त्यांची पसंती, असा हा सरळ हिशेब आहे. अहिल्याबाई होळकरांनी देशभर देवळे आणि घाट बांधले, काशीविश्वेश्वराचे देऊळ १७८० मध्ये पुन्हा उभे केले. त्यांच्या या धर्मकार्याचा खर्च मुख्यतः होळकरांच्या खासगी उत्पन्नातून होत असे. म्हणजे तोही दात्याच्याच इच्छेचा मामला होता.

पण एखाद्या जुन्या इमारतीची डागडुजी करातून जमलेल्या पैशाने करायची म्हटली, की गोष्ट निराळी होते. त्या इमारतीत जो कधी पाऊलही ठेवणार नाही, ज्याची तिच्यावर श्रद्धा नाही, त्याच्याही खिशातून तो पैसा येतो. त्याने तो का द्यावा? आणि दिलाच तर तो कोणत्या इमारतीवर खर्च व्हावा, हे कोणी ठरवावे? या प्रश्नांना एका देशाने कशी उत्तरे शोधली, कुठे चुका केल्या, हे पाहायचे तर फ्रान्सचा इतिहास फार बोलका आहे.

फ्रान्समधल्या राज्यक्रांतीने २ नोव्हेंबर १७८९ रोजी चर्चची सारी मालमत्ता राष्ट्राच्या स्वाधीन केली. क्रांतीच्या धड्यात ही ओळ आपण घाईने ओलांडतो. पण या एका ठरावाने हजारो इमारतींचा मालक बदलला, आणि त्यांची देखभाल करणारी जुनी व्यवस्था मोडून पडली. सरकारला तर पैशाची निकड होती. पुष्कळ मठ आणि चर्चे लिलावात गेली. क्लूनी येथील मठाचे चर्च एके काळी सबंध ख्रिस्ती जगातले सर्वांत मोठे चर्च होते. ते १७९८ मध्ये विकले गेले. घेणाऱ्यांना चर्च नको होते, दगड हवे होते. पुढची पंचवीसेक वर्षे त्या इमारतीचा खाणीसारखा वापर झाला. आज तिचा जेमतेम दहावा हिस्सा उभा आहे.

ही तोडफोड सर्वांनाच पटत होती असे नाही. क्रांतीच्याच बाजूचे एक धर्मगुरू, आबे ग्रेग्वार, यांनी १७९४ मध्ये संसदेपुढे या नासधुशीवर अहवाल मांडले. ‘व्हँडॅलिझम’ हा शब्द त्यांनीच रूढ केला. त्यांचा युक्तिवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे. या वस्तू राजाच्या किंवा चर्चच्या असतील म्हणून फोडायच्या, हे तर्कट त्यांनी उलटे केले. आता त्या राष्ट्राच्या आहेत, म्हणून त्या फोडणे ही राष्ट्राचीच चोरी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. सार्वजनिक पैशाचे मूळ आम्हाला या विचारात दिसते.

विचार सुचला तरी खाते निघायला ३६ वर्षे गेली. ऑक्टोबर १८३० मध्ये गृहमंत्री गिझो यांनी राजापुढे ऐतिहासिक स्मारकांचा महानिरीक्षक नेमण्याचा प्रस्ताव ठेवला. पहिली नेमणूक ल्युदोव्हिक व्हिते यांची झाली. १८३४ मध्ये त्यांच्या जागी आले प्रॉस्पेर मेरिमे. ‘कार्मेन’ ही कथा लिहिणारे मेरिमे ते हेच. त्या कथेवर बिझेने केलेला ऑपेरा जगभर गाजला, पण मेरिमे यांनी पुढची २६ वर्षे घोडागाडीतून देश पिंजून काढला ही गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. पडक्या भिंती मोजायच्या, महापौरांशी हुज्जत घालायची, पॅरिसला अहवाल धाडायचे, असा त्यांचा दिनक्रम होता.

अडचण साधी होती. मोडकळीला आलेल्या इमारती असंख्य, आणि तरतूद तुटपुंजी. १८३७ मध्ये यासाठी एक आयोग नेमला गेला. त्याने जिल्ह्याजिल्ह्यांच्या प्रशासकांना पत्रे पाठवली : तुमच्याकडच्या महत्त्वाच्या इमारती कोणत्या, त्यांचा क्रम काय आणि दुरुस्तीला किती पैसे लागतील ते कळवा. आलेल्या उत्तरांतून १८४० मध्ये पहिली यादी तयार झाली. तिच्यात हजाराहून थोड्या अधिक इमारती होत्या. पुराणवस्तूंच्या संरक्षणाचा इतिहास पुष्कळदा कायद्यांचा म्हणून सांगितला जातो. आमच्या मते त्याचे खरे हत्यार यादी हे आहे. यादीत नाव आले की ती इमारत सरकारी पैशाला पात्र ठरते. नाव राहिले, की तिचे दैव तिच्यापाशी. शिवाय सरकार बहुधा सगळा खर्च देत नसे. थोडा आम्ही देतो, उरलेला तुम्ही उभा करा, असे गावाला सांगितले जाई. (शिक्षकांनी वर्गात हा प्रयोग करून पाहावा. गावातल्या दहा जुन्या वास्तू लिहून काढायच्या आणि पैसे तिघींपुरतेच आहेत असे सांगायचे. वेस, बारव, वाडा, मशीद, शाळेची कौलारू इमारत... कोणती वगळायची यावर होणारे भांडण फार शिकवून जाते.)

यादीतले एक नाव होते व्हेझले. बर्गंडी प्रांतात टेकडीवर वसलेले हे लहानसे गाव. तिथे बाराव्या शतकातले भले थोरले चर्च. मेरिमे तिथे प्रथम गेले ते १८३४ मध्ये. आत बसून रेखाटन करत असताना आपल्या आजूबाजूला सतत बारीक खडे पडल्याचा आवाज येत होता, असे त्यांनी नोंदवून ठेवले आहे.

खडे का पडत होते? दगडी कमानीचे छत नुसते खाली दाबत नाही, ते भिंतींना बाहेरही रेटते. दोन पोस्टकार्डे तंबूसारखी एकमेकांना टेकवून टेबलावर उभी करा. त्यांचे पाय लगेच बाहेर सरकतात. दोन्ही बाजूंना जाड पुस्तके ठेवली तरच तंबू टिकतो. व्हेझलेच्या छताला ही पुस्तके पुरेशी नव्हती. नंतरच्या काळात बाहेरून दिलेले आधार खिळखिळे झाले होते. भिंती बाहेर कलत होत्या आणि कमानींचे सांधे उघडत होते. आधाराला हात लावावा तर छत कोसळण्याचे भय, आणि न लावावा तरी तेच.

हे काम १८४० मध्ये सोपवले गेले ते २६ वर्षांच्या व्हियोले-ल-द्युक यांच्यावर. वास्तुशास्त्राच्या प्रतिष्ठित सरकारी विद्यालयात ते शिकलेही नव्हते. त्यांनी आधी आतून लाकडी टेकू देऊन कमानी तोलून धरल्या, मग वरचा भार हलका करून छताचे भाग नव्याने बांधले आणि बाहेरचे आधारही पुन्हा उभे केले. काम १८५९ पर्यंत चालले. एवढ्याशा गावाने वर्गणी काढून हे कधीच झाले नसते. १९७९ मध्ये ही वास्तू जागतिक वारशाच्या यादीत गेली.

पण याच कामात पुढच्या भांडणाचे बीजही आहे. मूळ चर्च रोमनेस्क धाटणीचे. मधल्या काळात त्याच्या काही भागांवर गॉथिक धाटणीचे छत बसले होते. व्हियोले-ल-द्युक यांनी त्यातले काही उतरवून पुन्हा रोमनेस्क केले. इमारत एकसारखी दिसू लागली खरी, पण दुरुस्ती करताना इतिहासातली काही शतके पुसायचा अधिकार सरकारी वास्तुरचनाकाराला आहे काय?

पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चसाठी १८४५ मध्ये संसदेने २६ लाख ५० हजार फ्रँक मंजूर केले. ते १८५० पर्यंत संपले आणि पुन्हा मागावे लागले. (हा अनुभव आपल्याकडच्या पाटबंधाऱ्यांनाही आहेच.) तिथेही व्हियोले-ल-द्युक यांनी जुन्या मनोऱ्याच्या जागी स्वतःच्या कल्पनेतला, अधिक उंच मनोरा १८५९ मध्ये उभा केला. तुलूझ शहरातल्या सँ-सेर्नँ चर्चची गोष्ट तर पुढची आहे. त्यांनी तिथल्या छपराची ठेवण बदलली होती आणि वापरलेला दगडही टिकाऊ निघाला नाही. १९९० च्या दशकात सरकारनेच खर्च करून ते छप्पर पुन्हा जुन्या रूपात आणले. एकदा जीर्णोद्धाराला आणि एकदा जीर्णोद्धार उतरवायला, असे एकाच इमारतीवर दोनदा पैसे खर्ची पडले.

इंग्लंडमध्ये या पद्धतीवर जॉन रस्किन यांनी १८४९ मध्येच टीका केली होती. विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या संरक्षणासाठी संस्था काढली. आहे ते टिकवा, गेलेले नव्याने रचू नका, हा तिचा आग्रह. हा विचार आपल्यापर्यंतही पोचला. भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक जॉन मार्शल यांनी १९२३ मध्ये जतनकार्याची जी नियमपुस्तिका लिहिली, तिचा पाया हाच होता. संरक्षित लेण्यात तुटलेल्या मूर्तीला नवा हात का बसवत नाहीत, असे सहलीत मुले विचारतात. त्याचे उत्तर या वादात आहे.

फ्रान्समधले पुढचे कायदे थोडक्यात सांगतो. १८८७ च्या कायद्यात खासगी इमारत यादीत घ्यायला मालकाची संमती लागे. १९०५ मध्ये धर्म आणि शासन यांची फारकत झाली आणि कॅथीड्रले सरकारकडे, तर तेव्हा उभी असलेली बहुतेक साधी चर्चे गावांच्या मालकीची राहिली. ३१ डिसेंबर १९१३ च्या कायद्याने सार्वजनिक हितासाठी मालकाच्या संमतीवाचूनही इमारत संरक्षित करता येऊ लागली. १९४३ पासून स्मारकाभोवतालच्या ५०० मीटर परिसरातील बांधकामावरही नियंत्रण आले. आज तिथे सुमारे ४५ हजार इमारती संरक्षित आहेत. सरकारच्या स्वतःच्या त्यांत थोड्याच. जवळजवळ निम्म्या खासगी मालकांच्या आहेत आणि उरलेल्यांपैकी बहुतेक गावांच्या. डोंगरातल्या दोनशे वस्तीच्या गावाच्या गळ्यात बाराव्या शतकातले गळके चर्च असते. २०१८ पासून अशांसाठी सरकारी आश्रयाने लॉटरीही काढली जाते.

आणि मग १५ एप्रिल २०१९ च्या संध्याकाळी नोत्र-दाम पेटले. छपराचे मध्ययुगीन लाकूडकाम जळाले, मनोरा कोसळला. सरकार आपल्या इमारतींचा विमा उतरवत नाही, त्यामुळे भरपाईचा प्रश्नच नव्हता. पण दीडशे देशांतल्या सुमारे ३ लाख ४० हजार लोकांनी मिळून ८४ कोटी ६० लाख युरो दिले. म्हणजे पुन्हा वर्गणीच! मनोरा आधुनिक करावा की होता तसा, यावर वर्षभर वाद झाला. जुलै २०२० मध्ये ‘होता तसा’ हे ठरले. ‘होता तसा’ म्हणजे व्हियोले-ल-द्युक यांचा १८५९ चा. ज्या मनोऱ्यावर इतिहासाशी खेळ केल्याचा आरोप होता, तोच एव्हाना इतिहास झाला होता. आगीमुळे उघड्या पडलेल्या भिंतींत संशोधकांना दगड जखडणाऱ्या लोखंडी पट्ट्या सापडल्या. लोखंडातल्या कार्बनवरून त्यांचा काळ काढता आला. बांधकामाच्या आरंभापासून, म्हणजे ११६० च्या दशकापासून, तिथे लोखंड वापरले गेले होते, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले.

डिसेंबर २०२४ मध्ये चर्च पुन्हा उघडले. त्याच्या दीड महिना आधी संस्कृतिमंत्र्यांनी एक सूचना केली होती. नोत्र-दाम पाहायला येणाऱ्या पर्यटकाकडून पाच युरो घ्यावेत, आणि तो पैसा देशभरातल्या मोडकळीला आलेल्या प्रार्थनास्थळांवर खर्च करावा. वर्षाला साडेसात कोटी युरो मिळतील, असा त्यांचा अंदाज होता. चर्चच्या अधिकाऱ्यांनी नकार दिला. देवाच्या दारात तिकीट नको, भाविक आणि पर्यटक असा भेद आम्ही दारात उभे राहून कसा करायचा, असे त्यांचे म्हणणे पडले. चर्च उघडले ते विनाशुल्कच.